इतर हक्क

रमण वाणी म्हणाले, मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही,
साधा कागद चालतो,
फक्त माणूस शुद्धीवर हवा.
अमळनेरच्या तहसिलीसमोर त्यांचं पत्र्याचं दुकान.
तिथं मी तिसऱ्यांदा आलोय.
पहिल्या वर्षी डॉक्टरचा दाखला राहिला.
दुसऱ्या वर्षी साक्षीला कबूल झालेला हिरामण
माझ्याआधीच गेला.

यंदा सगळं फाईलीत आहे.
बाजार समितीच्या काट्यावर एकतीस वर्षं
लोकांचा कापूस तोलला,
त्यातून उभं राहिलेलं घर : प्रफुल्लला.
पोस्टातले पैसे : हर्षदाला.
कस्तुराला त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क.
हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली,
म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मी कशावर राहत होते?

मग जमीन.
गट नंबर एकशे सात, बोरीच्या काठाला,
विहिरीत चार आणे हिस्सा,
पोटखराबा नऊ गुंठे.
रमण वाण्यांनी बोटं कीबोर्डवरच ठेवून विचारलं,
स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित?

मी म्हणालो, चष्मा घरी राहिला.
चष्मा खिशातच होता.

दोधू आप्पा गेले त्याच्या पुढची आखाजी.
द्वारका शिरपूरहून आलेली, कडेवर धाकटा.
तिला लुनावर मागं बसवून
ह्याच तहसिलीत आणलं.
पाच मिनिटांचं काम आहे, म्हणालो.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय,
असं कारकुनानं भराभर वाचलं.
दडपण शेजारीच उभं होतं,
हातात नव्या लुगड्याची पिशवी घेऊन.

अंगठ्याची शाई तिनं भिंतीला पुसली.
पुरती गेली नाही.
दुपारी पंगतीत रस वाढताना
माझ्या वाटीच्या काठावर जांभळा ठसा उमटला.
मी वाटी फिरवून घेतली
आणि दुसऱ्या बाजूनं प्यालो.

ह्या वैशाखात तापी ओलांडून तिच्याकडे गेलो.
ती गच्चीवर बिबड्या टाकत होती,
खाटेवर, जुन्या धोतरावर,
एकसारख्या गोल, न मोजता.
मी बोलायला तीन बिबड्या लावल्या. मग सांगितलं.
माझ्या हिश्श्यातली निम्मी तुझ्या नावानं लिहितोय.

ती थांबली नाही. हात चालूच.
मग म्हणाली,
"भाऊ, कागदवर मनं नाव आजलोंग
निस्तं सोडाकरता उनं."
थोड्या वेळानं :
"लिखशी ते आप्पानं नाव बी लिख. द्वारका दोधू."
आणि मला कावळे हाकायला बसवलं.
माफ केलं की नाही, ते विचारायची
त्या उन्हात सोय नव्हती.
निघताना पिशवीत बिबड्या दिल्या, अर्ध्या ओल्याच.
बसमध्ये त्या एकमेकींना चिकटल्या.

म्हणून आज चष्मा लावून बसलोय.
वडिलोपार्जित, मी म्हणतो. मोठ्यानं.
रमण वाणी लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात.
सातबाऱ्यावर एक रकाना असतो, इतर हक्क.
त्यात बँकेचा बोजा लिहितात, विहिरीची पाळी,
शेजाऱ्याची बैलगाडीची वाट.
छत्तीस वर्षं आमच्या उताऱ्यावर तो कोरा आहे.
तलाठी म्हणायचा, किती स्वच्छ उतारा, भागवतभाऊ.

काट्यावर पोरांना मी एकच शिकवलं :
काटा थरथरतोय तोवर आकडा बोलू नये.
माझा जरा जास्तच वेळ थरथरला.

प्रफुल्लला विचारलंय का? वाणी विचारतात.
नाही.
रागावेल.
रागावू दे. हे उघडतील तेव्हा मी नसेन.
दोघेही हसलो. प्रिंटरनं कागद ओढला.

घरी येऊन हेच कस्तुराला सांगितलं.
ती ओल्या बिबड्या एकेक सोडवत होती,
फाटू नये म्हणून कडेकडेनं.
तुम्ही नसाल हो, ती म्हणाली.
मी असेन ना त्या घरात.
तहहयात.